महाड-पोलादपूर : इंग्रजीचा वर्ग आणि मराठीचा कागद

इंग्रजी साहित्याचा अभ्यास आणि सर्जनशील लेखनाचे शिक्षण हे दोन विषय विद्यापीठांच्या माहितीपत्रकांत आज शेजारी शेजारी छापलेले दिसतात, त्यामुळे ते पूर्वापार सोबती असावेत अशी समजूत होते. प्रत्यक्षात पहिला विषय दुसऱ्यांनी लिहिलेले वाचून त्याचा अर्थ लावण्याचा आहे, तर दुसरा स्वतः कथा, कविता, नाटक किंवा आत्मपर गद्य लिहिण्याचा आहे. भारतातील विद्यापीठांनी पहिल्याला जवळपास आरंभापासून मानाचे पान दिले आणि दुसऱ्याला शंभराहून अधिक वर्षे उंबऱ्याबाहेर ठेवले. ही विभागणी मुंबई-पुण्याच्या इतिहासातून पाहिली तर ती केवळ अभ्यासक्रमाची बाब वाटते. परंतु रायगड जिल्ह्याच्या दक्षिणेकडील डोंगराळ भागातील महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांतून पाहिली, तर तिचा अर्थ बदलतो. येथे इंग्रजीच्या वर्गात बसायला मिळणे हाच अनेकांचा पहिला झगडा होता, आणि त्या झगड्याने जे लेखन घडवले ते मराठीत घडले.

महाड हे सावित्री आणि गांधारी या नद्यांच्या काठचे, समुद्रापासून आत वसलेले जुने बंदर. पोलादपूर त्याच्या दक्षिणेला, आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी आहे आणि तेथून रस्ता महाबळेश्वराकडे चढतो. भाताची आणि डोंगरउतारावर नाचणी-वरीची शेती, जमीन तुटपुंजी, पाऊस मात्र अमाप, अशा या मुलखातील पुरुषांना पोटासाठी मुंबईची गिरणी किंवा गोदी गाठावी लागे. गावाकडे त्यांना चाकरमानी म्हणत आणि गावातील चूल बऱ्याच अंशी त्यांच्या मनिऑर्डरीवर पेटे. शिक्षणही त्याच वाटेने गेले. चौथीनंतर, सातवीनंतर किंवा मॅट्रिकनंतर, ज्याची जशी ऐपत आणि ज्याची जशी जात, त्या टप्प्यावर येथील विद्यार्थी मुंबईची वाट धरी. कुलाबा हे जिल्ह्याचे नाव बदलून १९८१ साली रायगड झाले, तरी या वाटेची दिशा बदलली नाही.

लेखन शिकवता येते काय, हा प्रश्न मात्र या मुलखात विद्यापीठाच्या फार आधी विचारला गेला होता. महाड तालुक्यातील शिवथरघळीत समर्थ रामदासांनी दासबोधाची रचना केली अशी परंपरा आहे, आणि त्या ग्रंथात लेखनाचे दोन स्वतंत्र धडे आहेत. एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेचा आहे. त्यात अक्षराचे वळण, ओळींमधील अंतर, कागदाच्या कडेला सोडायची जागा, बोरू, शाई अशा कारागिरीच्या गोष्टींचे निरूपण येते. चौदाव्या दशकाचा तिसरा समास कवित्वकलेचा असून त्यात कवित्वाचे ढीट, पाठ आणि प्रासादिक असे तीन प्रकार मानले आहेत. मनात येईल ते बळेच जुळवून केलेले ते ढीट. पुष्कळ ग्रंथ पाहून, त्यांच्या धाटणीचा सराव करून केलेले ते पाठ. आणि अंतरीच्या अनुभवातून, कृपेने स्फुरलेले ते प्रासादिक. यांतील तिसरा प्रकार शिकवता येत नाही, पहिल्याला शिकवण्याची गरज वाटत नाही, म्हणजे गुरूच्या हाती उरतो तो फक्त मधला. सर्जनशील लेखनाच्या वर्गांविषयी विसाव्या शतकात जगभर जो वाद झाला, तो बहुतांशी या तीन शब्दांत आधीच मांडून झाला होता असे म्हणायला हरकत नाही. पोलादपूरकडे पाहिले तर तेथे कवींद्र परमानंद यांची समाधी दाखवली जाते. शिवाजी महाराजांच्या चरित्रावर शिवभारत हे संस्कृत काव्य रचणारा हा कवी मूळचा नेवाशाचा आणि त्याची विद्या पाठाची होती, म्हणजे जुन्या महाकाव्यांच्या अभ्यासावर उभी होती. तिला राजाश्रयाची जोड मिळाली. थोडक्यात, कवी घडवण्याचे तीन मार्ग, म्हणजे सराव, आश्रय आणि साधना, सतराव्या शतकात या डोंगरांना परिचित होते. सामान्य कुणब्याच्या किंवा महाराच्या पोराला त्यांपैकी पहिले दोन बंद होते, ही गोष्टही तितकीच खरी.

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८ जुलै १८५७ रोजी झाली. त्याचा नमुना लंडन विद्यापीठाचा होता, म्हणजे ते आरंभी शिकवणारे नव्हते, परीक्षा घेणारे होते. शिकवण्याचे काम संलग्न महाविद्यालयांनी करावे आणि विद्यापीठाने अभ्यासक्रम ठरवून, प्रश्नपत्रिका काढून पदवी द्यावी, अशी ही रचना होती. संलग्नता या शब्दाचा अर्थ हाच. पुढे महाडसारख्या गावात महाविद्यालय निघू शकले ते याच रचनेमुळे, आणि तेथील प्राध्यापकाला आपल्या विद्यार्थ्यांना काय शिकवावे हे ठरवण्याचा अधिकार फारसा उरला नाही तोही याच रचनेमुळे. विद्यापीठाचे पहिले बी.ए. १८६२ साली बाहेर पडले. त्यांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. या पिढीने शेक्सपिअर, मिल्टन, बेकन यांचे पाठ घेतले तेव्हा खुद्द ऑक्सफर्डमध्ये इंग्रजी साहित्याची स्वतंत्र पदवी नव्हती. तेथे ती शतकाच्या शेवटच्या दशकात आली, केंब्रिजमध्ये तर १९१७ साली. राज्यकर्त्यांच्या देशात जो विषय सभ्य माणसाने घरी वाचायचा मानला जाई, तो वसाहतीत परीक्षेचा झाला. इंग्रजी शिक्षणाचा पुरस्कार करणाऱ्या मेकॉलेच्या १८३५ च्या टिपणाला याचे सगळे श्रेय किंवा सगळा दोष देण्याची प्रथा आहे, पण परीक्षांच्या यंत्रणेने जे केले ते एका टिपणाने झाले नसते. एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या प्राचार्यपदी कवी वर्ड्‌स्वर्थचा नातू होता, ही गोष्ट कौतुकाने सांगितली जाते. त्या महाविद्यालयात कविता लिहिण्याला एकही गुण नव्हता, ही सांगितली जात नाही.

मराठीची स्थिती त्याहून वाईट होती. विद्यापीठाच्या सुरुवातीच्या काही वर्षांनंतर पदवी परीक्षेतून देशी भाषा वगळल्या गेल्या आणि त्यांची जागा संस्कृत, लॅटिन, पर्शियन या अभिजात मानल्या गेलेल्या भाषांनी घेतली. मराठीला पुन्हा आत आणण्यासाठी रानड्यांना आयुष्याच्या उत्तरार्धात विद्यापीठात झगडावे लागले. परिणामी एक विलक्षण प्रकार घडला. पदवीधर वर्गात इंग्रजी वाचत आणि घरी मराठीत लिहीत. गोपाळ गणेश आगरकरांनी हॅम्लेटचे विकारविलसित केले, गोविंद बल्लाळ देवलांनी ऑथेल्लोचा झुंझारराव केला. वर्गात ज्याचे फक्त अर्थ आणि टीपा होत्या त्याचे रंगमंचावर नाटक झाले. रामदासांच्या शब्दांत सांगायचे तर हे पाठ प्रकारचेच सर्जन होते, मात्र पाठ इंग्रजीचा आणि कवित्व मराठीचे. विद्यापीठाने या व्यवहाराची नोंद घेतली नाही. त्याच्या लेखी विद्यार्थ्याचे स्वतःचे लेखन म्हणजे निबंध, आणि निबंधाचे विषयही बहुधा नीतिपर असत.

हे सारे मुंबई-पुण्याचे. महाडकडे इंग्रजी विद्या आली ती वेगळ्या दाराने, पलटणीच्या. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करात कोकणातील महार शिपायांची संख्या मोठी होती, आणि पलटणींत शिपाई व त्यांची मुले यांच्यासाठी शाळा असत; डॉ. आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ अशाच लष्करी शाळेत शिक्षक होते. निवृत्त शिपाई पेन्शन घेऊन गावी परतत आणि साक्षरता सोबत आणत. महाडजवळचे दासगाव हे अशा पेन्शनरांचे गाव म्हणून प्रसिद्ध होते. महाड परिसरातील रावढळचे गोपाळ बाबा वलंगकर हे याच परंपरेतले. लष्करातून १८८६ साली निवृत्त झाल्यावर त्यांनी वृत्तपत्रांतून लेखन केले, १८८८ साली विटाळ विध्वंसन ही प्रश्नरूप पुस्तिका काढली, आणि अस्पृश्यांची लष्करभरती थांबवली जात असताना १८९४ साली सरकारला उद्देशून विनंतीपत्र तयार केले.

विनंतीपत्र किंवा अर्ज हा साहित्यप्रकार आहे असे कोणत्याही अभ्यासक्रमात लिहिलेले नाही. परंतु महाड परिसराच्या लेखनाचा इतिहास सांगताना त्याला बगल देता येत नाही. अर्जदाराला आपली ओळख सांगावी लागते, पूर्वजांची सेवा मांडावी लागते, अन्यायाचा प्रसंग क्रमाने कथन करावा लागतो आणि वाचणारा अधिकारी शेवटपर्यंत वाचील इतकी पकड ठेवावी लागते. कथनाची ही शिस्त कादंबरीकाराच्या शिस्तीपासून फार दूर नाही. वलंगकरांच्या पुस्तिकेत प्रश्नांमागून प्रश्न येतात आणि उत्तर देण्याचे ओझे समोरच्या धर्माधिकाऱ्यांवर पडते. ही युक्ती त्यांना विद्यापीठाने शिकवली नव्हती. पदवीधर सुधारकांच्या नीतिनिबंधांपेक्षा तिची धार मात्र अधिक आहे.

त्या अर्जपरंपरेचा पुढचा वारस रामचंद्र बाबाजी मोरे. जन्म १९०३ चा, गाव दासगाव. प्राथमिक शिक्षणात हुशारी दाखवूनही महाडच्या इंग्रजी शाळेने त्यांना अस्पृश्य म्हणून प्रवेश नाकारला. इंग्रजी शाळा हा शब्द त्या काळी इंग्रजी माध्यमाची शाळा एवढ्याच अर्थाने वापरला जात नसे; प्राथमिक चार-पाच इयत्तांनंतर जिथे इंग्रजी शिकवण्यास आरंभ होतो आणि जिची वाट मॅट्रिकपर्यंत जाते, ती इंग्रजी शाळा. तिचे दार बंद होणे म्हणजे विद्यापीठाचे दार बंद होणे. त्या शाळकरी मुलाने यावर केले ते असे की घडलेली हकीकत वृत्तपत्राला लिहून कळवली. ती छापून आली, शाळेला माघार घ्यावी लागली, प्रवेश मिळाला. परंतु बसण्याची जागा इतर मुलांपासून वेगळी ठेवण्यात आली. साहित्याच्या इतिहासकारांना या घटनेत दोन गोष्टी दिसायला हव्यात. एक म्हणजे इंग्रजीच्या वर्गाचे दार एका मराठी पत्राने उघडले. दुसरी म्हणजे दार उघडल्यानंतरही वर्गाची आतली रचना बदलली नाही, आणि शब्दांनी प्रवेश मिळाला तरी बसायची जागा मिळत नाही, हे ज्याला लहानपणी कळले तो पुढे सत्याग्रहाकडे वळला यात नवल नाही. १९२७ साली महाडला भरलेल्या अस्पृश्यांच्या परिषदेची कल्पना पुढे रेटणाऱ्यांत मोरे आघाडीवर होते. नंतर ते कम्युनिस्ट चळवळीत गेले.

मार्च १९२७ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली पाण्याच्या हक्कासाठी झालेला महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला झालेले मनुस्मृतिदहन यांचा तपशील सर्वज्ञात आहे. नगराध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे आणि गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी त्यात घेतलेला भागही नोंदला गेला आहे. येथे लक्षात घ्यायचे ते एवढेच की डिसेंबरच्या भाषणात आंबेडकरांनी महाडच्या मेळाव्याची तुलना १७८९ मध्ये व्हर्साय येथे भरलेल्या फ्रेंच राष्ट्रसभेशी केली. श्रोते बहुतांशी निरक्षर शेतकरी, शेतमजूर आणि गिरणी कामगार होते, आणि त्यांना फ्रेंच राज्यक्रांती समजावून सांगायची होती मराठीत. एल्फिन्स्टन, कोलंबिया आणि लंडन येथे केलेले इंग्रजी वाचन एका भाषणात उतरवणे, तेही श्रोत्याला परके न वाटेल अशा बेताने, हे काम भाषांतराहून कठीण आहे. मार्चमधील सत्याग्रहानंतर दोनच आठवड्यांनी, ३ एप्रिल १९२७ रोजी, आंबेडकरांचे बहिष्कृत भारत हे पाक्षिक सुरू झाले आणि त्याचे पुष्कळसे रकाने संपादकाने स्वतः लिहून भरले. इंग्रजी शिक्षणाचे फळ मराठी गद्यात कसे येते याचे याहून स्पष्ट उदाहरण त्या दशकात नाही. मराठी गद्याच्या इतिहासांनी मात्र त्याची दखल उशिराच घेतली.

त्याच महाड तालुक्यातील नाते या गावी १४ जानेवारी १८९६ रोजी चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचा जन्म झाला, आणि त्यांची शिक्षणाची वाट मोऱ्यांच्या वाटेशेजारी ठेवून पाहिली म्हणजे एकाच मुलखातील दोन दुनियांची कल्पना येते. रोह्यात वकिली करणाऱ्या वडिलांचा हा मुलगा १९१२ च्या मॅट्रिक परीक्षेत पहिला आला, संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्याने मिळवली, केंब्रिजला वनस्पतिशास्त्र केले आणि आय.सी.एस. परीक्षेतही पहिला क्रमांक पटकावला. रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नरपद आणि केंद्रीय अर्थमंत्रिपद सर्वांना ठाऊक आहे. मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवण्याच्या प्रश्नावर मंत्रिपद सोडल्यानंतर देशमुख १९५६ साली विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले, आणि स्वतंत्र भारताच्या विद्यापीठांत इंग्रजीचे काय करायचे हा प्रश्न त्यांच्याच कारकिर्दीत आयोगापुढे होता. हृदयनाथ कुंझरू यांच्या समितीने १९५७ साली दिलेल्या अहवालात इंग्रजीकडून भारतीय भाषांकडे जाण्याची घाई करू नये, आणि माध्यम बदलले तरी विद्यार्थ्याला इंग्रजी चांगले येईल अशी व्यवस्था ठेवावी, असा सूर होता. हा निर्णय व्यवहाराच्या दृष्टीने योग्य होता, परंतु त्याने इंग्रजी विभागाचे स्वरूप ठरून गेले. इंग्रजी हे ज्ञानाचे साधन म्हणून टिकले. लेखन घडवण्याची जागा म्हणून त्याचा विचार झाला नाही. गंमत अशी की खुद्द देशमुखांनी मेघदूताचा मराठी पद्यानुवाद केला होता, संस्कृतात कविता केल्या आणि आत्मचरित्र इंग्रजीत लिहिले. तीन भाषांत हात फिरणाऱ्या या माणसाच्या काळातही अशा हाताला वाव देणारा विषय विद्यापीठात नव्हता.

महाडला महाविद्यालय आले १९६१ साली. ते काढले पीपल्स एज्युकेशन सोसायटीने, म्हणजे ८ जुलै १९४५ रोजी डॉ. आंबेडकरांनी स्थापन केलेल्या संस्थेने, जिने आधी मुंबईत सिद्धार्थ आणि औरंगाबादेत मिलिंद ही महाविद्यालये उभी केली होती. संस्थापकाच्या निधनानंतर पाच वर्षांनी, ज्या गावात त्याच्या अनुयायांना तळ्याच्या पाण्याचा हक्क नाकारला गेला त्या गावात, त्याच्या नावाचे कला, विज्ञान व वाणिज्य महाविद्यालय सुरू झाले आणि सर्व जातींची मुले त्यात दाखल झाली. पुढे पोलादपूरलाही सुंदरराव मोरे यांच्या नावाचे महाविद्यालय झाले, त्यामुळे आंबेनळीच्या पायथ्याच्या आणि आडवळणाच्या खोऱ्यांतील वाड्यांवरच्या मुलींना घर न सोडता पदवीपर्यंत जाणे शक्य झाले. मुली शिकल्या त्या मुख्यतः यामुळे, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. मुलगा मुंबईला काकाच्या खोलीत राहू शकत होता, मुलीला ती सोय नव्हती.

दोन्ही महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी संलग्न, म्हणून चर्चगेटच्या विद्यार्थ्याला जी कविता, जे नाटक आणि जी कादंबरी, तीच महाडच्या विद्यार्थ्याला. कागदावर ही समता आहे. वर्गात मात्र प्राध्यापक ओळ इंग्रजीत वाचतो, अर्थ मराठीत सांगतो, उत्तर इंग्रजीत लिहून देतो आणि विद्यार्थी ते पाठ करतो. ज्याला मूळ पुस्तक परवडत नाही किंवा मिळत नाही, तो गाइड घेतो, म्हणजे परीक्षेपुरते सारांश आणि तयार उत्तरे देणारे पुस्तक. इंग्रजीचा सक्तीचा पेपर हा कोकणातील कला शाखेच्या विद्यार्थ्यांच्या वाटेतला मोठा अडसर राहिला. एटीकेटी, म्हणजे राहिलेल्या विषयांसह पुढील वर्गात बसण्याची मुभा, हा शब्द या विद्यार्थ्याला शेक्सपिअरच्या आधी शिकावा लागतो. रामदासांच्या पाठ या शब्दाला येथे एक करुण अर्थ प्राप्त झाला. त्यांच्या लेखी पाठ म्हणजे अनेक ग्रंथांचा सराव. परीक्षेच्या लेखी एका उत्तराची घोकंपट्टी. याचा दोष एखाद्या महाविद्यालयाचा किंवा प्राध्यापकाचा नाही. मातृभाषेत वाचायची सवय लागण्याआधी परभाषेतील समीक्षेचे प्रश्न विचारणारी पद्धतच याला जबाबदार आहे.

तरीही पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या परिवारात इंग्रजी साहित्याच्या अभ्यासातून एक मोठी गोष्ट निघाली, जरी ती महाडात न निघता औरंगाबादच्या नागसेनवनात, म्हणजे मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरात, निघाली. मिलिंद महाविद्यालयाचे प्राचार्य म. ना. वानखेडे यांनी अमेरिकेत इंग्रजी साहित्याचे उच्च शिक्षण घेतले होते आणि तेथील काळ्या लेखकांच्या साहित्याशी त्यांचा परिचय झाला होता. तो परिचय त्यांनी दलित लेखनाच्या चर्चेत आणला. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात तेथूनच अस्मिता आणि पुढे गंगाधर पानतावणे यांच्या संपादनाखालील अस्मितादर्श ही नियतकालिके निघाली. इंग्रजीचेच अध्यापक जनार्दन वाघमारे यांनी अमेरिकन निग्रो साहित्यावर मराठीत ग्रंथ लिहिला. नेमलेल्या इंग्लिश कवींच्या पलीकडे पाहणाऱ्या इंग्रजीच्या अध्यापकांनी मराठी लेखकाला जगातील दुसऱ्या वंचितांचे लेखन दाखवले, हे त्या विभागांचे खरे कार्य. त्याच सोसायटीने १९९० साली आंबेडकरांचे वेटिंग फॉर अ व्हिसा हे इंग्रजी आत्मकथन पुस्तिकारूपाने छापले. अस्पृश्यता परदेशी वाचकाला कळावी म्हणून काही प्रसंग साध्या, कोरड्या वाक्यांत सांगणारे हे लेखन आता कोलंबिया विद्यापीठात अभ्यासले जाते. आत्मपर गद्य शिकवताना कोणता नमुना द्यावा असा प्रश्न कोकणातील इंग्रजीच्या वर्गाला पडू नये, इतका तो जवळचा आहे.

मराठीतील महत्त्वाचे अनेक लेखक इंग्रजीचे प्राध्यापक होते, ही गोष्ट याच इतिहासाचा भाग आहे. देवगड तालुक्यात जन्मलेल्या विंदा करंदीकरांनी रत्नागिरीत आणि मुंबईत इंग्रजी शिकवले आणि किंग लिअर, फाउस्ट मराठीत आणले. भालचंद्र नेमाडे यांनी अहमदनगर, धुळे, औरंगाबाद, लंडन, गोवा अशा ठिकाणी अध्यापन करीत मराठी कादंबरीची भाषा बदलली. विलास सारंग मुंबई विद्यापीठाच्या इंग्रजी विभागाचे प्रमुख होते आणि दोन्ही भाषांत कथा लिहीत. कुलाबा जिल्ह्याच्या किनाऱ्यावर तेलाचे घाणे चालवणाऱ्या, शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून शनवार तेली म्हटल्या गेलेल्या बेने इस्राएल समाजातील निस्सीम इझिकेल यांनी मिठीबाई महाविद्यालयात आणि विद्यापीठात इंग्रजी शिकवले, आणि कविता दाखवायला येणाऱ्या तरुणांचे कागद ते वर्षानुवर्षे वाचत राहिले. वर्गात समीक्षा, वर्गाबाहेर लेखन, अशी ही व्यवस्था होती. सर्जनशील लेखनाचे शिक्षण चालू होते, पण त्याला वेळापत्रक नव्हते, आणि ते मुंबईत राहणाऱ्यालाच मिळे. पोलादपूरच्या मुलाला कविता दाखवायला इझिकेल जवळ नव्हते.

औपचारिक विषय म्हणून सर्जनशील लेखन अमेरिकेतून आले. आयोवा विद्यापीठाची लेखन कार्यशाळा १९३६ ची. कार्यशाळा म्हणजे विद्यार्थ्यांनी एकमेकांचे कच्चे खर्डे वाचून, त्यांवर चर्चा करून पुन्हा लिहिण्याची पद्धत. इंग्लंडमध्ये ईस्ट अँग्लिया विद्यापीठाने १९७० साली हा अभ्यासक्रम सुरू केला आणि इयन मॅकयुअन हा त्याचा पहिला विद्यार्थी. मराठीतून आयोवाच्या आंतरराष्ट्रीय लेखक कार्यक्रमाला गेलेल्यांत दिलीप चित्रे होते. भारतात इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने इंग्रजीतील सर्जनशील लेखनाची पदविका टपालाने देण्यास आरंभ केला, तेव्हा प्रथमच महाडात बसून हा विषय नाव नोंदवून शिकणे शक्य झाले. मात्र कार्यशाळेचा जीव ज्या परस्परवाचनात आहे ते टपालाने होत नाही. मुंबई विद्यापीठाच्या बी.ए.च्या अभ्यासक्रमात इंग्रजी व्याकरण आणि लेखनकला यांची एक पत्रिका आली, तीत लेखनाला गुण मिळू लागले, पण व्याकरणाच्या सोबतीने. एका गोष्टीचा विचार यांपैकी कोणत्याही योजनेने पुरेसा केला नाही. दासगाव-रावढळपासून चालत आलेली अर्ज, पत्र, पुस्तिका, वृत्तपत्र यांची लेखनपरंपरा मराठी आहे, आणि तिच्या वारसाला सर्जनशील लेखन शिकवायचे तर इंग्रजी आणि मराठी या दोन विभागांमधली भिंत आधी पाडावी लागेल. खर्डा मराठीत, चर्चा दोन्ही भाषांत, आणि जमल्यास शेवटी इंग्रजी, असा वर्ग महाडला शोभेल. आयोवाची नक्कल शोभणार नाही.

महाडच्या उत्तरेला वीसेक किलोमीटरवर, लोणेरे येथे, १९८९ साली स्थापन झालेले एक पूर्ण विद्यापीठ आहे आणि त्यालाही डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव आहे. ते तंत्रशास्त्राचे आहे. तेथे साहित्याचा विभाग नाही. मुंबई विद्यापीठाच्या स्वतःच्या इंग्रजी विभागात बसून पदव्युत्तर अभ्यास करायचा असेल, तर महाडच्या विद्यार्थ्याला पावणेदोनशे किलोमीटरांच्या आसपासचा प्रवास करून कलिना गाठावे लागते आणि पोलादपूरच्या विद्यार्थ्याला त्याहून वीसेक किलोमीटर अधिक. तेथील ग्रंथालयात त्याला आपल्या गावचे एक पुस्तक इंग्रजीत मागता येते. रा. बा. मोरे यांनी अपुरे ठेवलेले आत्मकथन आणि त्यांचे चिरंजीव सत्येंद्र मोरे यांनी लिहिलेले चरित्र मराठीतून इंग्रजीत आणण्याचे काम वंदना सोनाळकर यांनी केले, आणि तो अनुवाद अनुपमा राव यांच्या संपादनाखाली २०१९ साली प्रसिद्ध झाला.